निर्जनतेचे ओझे

सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या एका बँकेतला कारकून. १८६३ साली नोकरी सोडून तो हिंदुस्थानात आला, सिमल्यात त्याने भागीदारीत स्टुडिओ थाटला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत कॅमेरा घेऊन हिमालयाच्या तीन मोठ्या वाऱ्या केल्या. पहिली सतलजच्या खोऱ्यात, दहा आठवड्यांची; तीत त्याने १४७ निगेटिव्ह मिळवल्या. दुसरी १८६४ साली काश्मीरची, नऊ महिन्यांची. तीत पाचशेहून अधिक. तिसरी १८६६ सालची, कुलू, लाहौल, स्पिती असे करत मणिरंग खिंड ओलांडून किन्नौरात आणि शेवटी गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत. मणिरंगची उंची त्याच्या हिशेबाने १८,६०० फूट. इतक्या उंचावर त्याआधी कोणी छायाचित्र काढले नव्हते, आणि पुढची सुमारे वीस वर्षे हा उच्चांक टिकला असे छायाचित्रणाचे इतिहासकार सांगतात. १८७० च्या सुमारास बोर्न मायदेशी परतला. त्याच्या नावाची 'बोर्न अँड शेफर्ड' ही पेढी मात्र कोलकात्यात थेट २०१६ पर्यंत चालू होती.

ह्या आकड्यांमागे किती वजन होते ते आज चटकन ध्यानात येत नाही. त्या काळी निगेटिव्हवरून मोठी प्रत काढण्याची सोय व्यवहारात नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात छापायचे. म्हणजे जेवढी काच तेवढेच चित्र. भिंतीवर शोभेल असे चित्र हवे तर काचही तेवढीच हवी, आणि ती काच मावेल एवढा कॅमेरा हवा. बोर्न प्रामुख्याने १० बाय १२ इंचांच्या काचा वापरत असे. शिवाय पद्धत ओल्या कलोडियनची. गनकॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्राव काचेवर एकसारखा ओतायचा, ती काच अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी पुन्हा तंबूत नेऊन ती धुऊन काढायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यामुळे जिथे कॅमेरा तिथे तंबू, रसायनांच्या बाटल्या, तबके, पाणी आणि काचांच्या पेट्या. दुकान मागे ठेवून केवळ कॅमेरा घेऊन पुढे जाणे शक्यच नव्हते. पहिल्या प्रवासात बोर्नबरोबर सुमारे तीस हमाल होते. पुढच्या प्रवासांत त्याहून अधिक.

बोर्नकडे मी वळलो तो इतिहासाच्या ओढीने नव्हे, वजनामुळे. माझ्याकडे ४ बाय ५ इंचांच्या फिल्मचा एक लाकडी कॅमेरा आहे. काळा भाता, समोर लेन्स, मागे दुधी काच, एवढाच त्याचा संसार. तो अडीच किलोंचा. तिपाई साडेतीन किलो, तीन लेन्स दीड किलो, फिल्म भरलेले बारा होल्डर अडीच किलो. प्रकाशमापक, काळे कापड, फिल्म बदलण्याची अंधारी पिशवी आणि हे सगळे ज्यात भरायचे ती सॅक धरून एकूण तेरा किलो. बोर्नच्या मानाने हे काहीच नाही. पण चाळिशी उलटलेल्या माणसाला हरिश्चंद्रगडाच्या चढावरही ते पुरेसे जाणवते.

हा उद्योग करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: खिशातल्या फोनने काम भागत असताना हा खटाटोप कशाला? त्याचे आमचे ठरलेले उत्तर असे, की वजन माणसाला शिस्त लावते. तिपाई रोवायची, भाता उघडायचा, डोक्यावर काळे कापड घ्यायचे. दुधी काचेवर डोंगर उलटा दिसतो, शिखर खाली आणि दरी वर, उजवीकडचा कडा डावीकडे. उलटा असल्यामुळे तो ओळखीचा डोंगर राहत नाही. केवळ उजेड-अंधाराचे आकार उरतात आणि डोळा ते नव्याने जुळवू लागतो. लेन्सची पाटी किंचित पुढे कलवली की पायाशी असलेल्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सारे एका वेळी रेखीव होते. त्यासाठी भिंग घेऊन काचेचा कोपरान् कोपरा तपासावा लागतो. ह्यात अर्धा तास सहज जातो. मग वारा पडण्याची वाट पाहायची, कारण ताणलेला भाता शिडासारखा वारा धरतो. आणि शेवटी बहुतेक वेळा काहीच न टिपता सगळे आवरून ठेवायचे. 'घ्यायचे की नाही' हा निर्णय लहान कॅमेऱ्यात चित्र घेतल्यानंतर होतो, मोठ्या कॅमेऱ्यात आधी होतो. हे उत्तर खोटे नाही. माझ्यापुरते तर ते पुष्कळ खरे आहे.

ह्या उत्तराला आधार म्हणून सगळे जण ज्याचा दाखला देतात तो प्रसंग अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचा. १० एप्रिल १९२७ रोजी, पंचविशीचा अ‍ॅडम्स चार सोबत्यांसह योसेमिटी दरीतील हाफ डोमच्या समोरच्या एका कड्यावर चढून गेला. पाठीवर कॅमेरा, तिपाई आणि साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या बारा काचा. बर्फ तुडवत तिथे पोहोचेपर्यंत बहुतेक काचा खर्ची पडल्या होत्या. हाफ डोमचा उभा कडा समोर आला तेव्हा दोनच शिल्लक होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून टिपली. टिपताक्षणी त्याला जाणवले, की हे चित्र कड्याचे वर्णन करील, पण कडा पाहताना आत जे दाटून आले ते त्यात उतरणार नाही. म्हणून शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला आणि निळे आकाश जवळजवळ काळे करून टाकले. पुढे ज्याला त्याने 'व्हिज्युअलायझेशन' म्हटले, म्हणजे चित्र घेण्यापूर्वी छापील प्रत मनात पाहणे, त्याची सुरुवात तो स्वतः ह्या काचेपासून मानत असे. शंभर काचा हाताशी असत्या तर हा विचार त्याच्या मनात आला असता का, असे आम्ही म्हणतो, आणि वजनाची थोरवी सिद्ध झाली असे समजतो.

ह्या युक्तिवादातला एक सांधा मात्र नीट पाहायला हवा. अ‍ॅडम्सच्या दोन काचा त्याच्याच पाठीवर होत्या. ओझे स्वतःचे असले की प्रत्येक काचेचा हिशेब शरीर ठेवते आणि त्या हिशेबातून संयम येतो. ओझे दुसऱ्याच्या पाठीवर गेले की वजन तेवढेच राहते, हिशेब मात्र बदलतो. बोर्नच्या काचा अ‍ॅडम्सच्या काचांहून मोठ्या होत्या, आणि तरीही एका प्रवासात पाचशे! त्याचाही संयम मोठा होता. ढग हटण्याची तो दिवसचे दिवस वाट पाहत असे. पण त्या दिवसांत थंडीत कुडकुडत बसणारा तो एकटा नव्हता.

बोर्नने आपल्या प्रवासांची लांबलचक वर्णने 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'त लिहिली. ती वाचताना एका गोष्टीने मी चकित झालो. त्याच्या चित्रांत जे जवळजवळ नाही, ते त्याच्या गद्यात पदोपदी आहे: हमाल. ते मिळत नाहीत, वेळेवर येत नाहीत, ओझी टाकून पळून जातात. पहिल्या प्रवासात असे काही जण पळाले तेव्हा आपण त्यांना शोधून काठीचा प्रसाद कसा दिला, हेही त्याने लिहिले आहे, आणि लिहिताना त्याला संकोच वाटलेला दिसत नाही. चित्रांत मात्र हीच माणसे क्वचित येतात, आणि येतात तेव्हा बहुधा ठिपक्याएवढी. कडा किती उंच आहे ते कळावे म्हणून उभी केलेली.

ती पळत का होती, हे समजायला बोर्नच्या बाहेर जावे लागते. पहाडी मुलखात तेव्हा बेगार चाले. आपल्याकडच्या वेठबिगारीचेच ते भावंड. साहेबाचा मुक्काम पडला की गावाने माणसे पुरवायची. मजुरी कधी मिळे, कधी नाही. मिळाली तरी नकाराची मुभा नव्हती. शेतात पीक उभे असताना कोणा अनोळखी माणसाच्या काचा खिंडीपार पोचवण्यात पहाडी शेतकऱ्याला काय रस असणार? शेजारच्या कुमाऊँत ह्या कामासाठी गावोगाव कुली-रजिस्टरे असत. १४ जानेवारी १९२१ रोजी, उत्तरायणीच्या मेळ्यात, बागेश्वरला जमलेल्या लोकांनी ती रजिस्टरे सरयू नदीत फेकून दिली आणि बेगार न करण्याची शपथ घेतली. त्याच सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढमध्ये सॅम्युअल स्टोक्स ह्या तिथेच स्थायिक झालेल्या अमेरिकन माणसाने बेगारीविरुद्ध लढा दिला. बोर्नच्या वाऱ्यांना तोवर पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.

हे सगळे मनात असताना काही वर्षांपूर्वी मी भाबा खिंडीच्या वाटेला गेलो. किन्नौरातल्या काफनूहून निघून, मुलिंग, कारा अशी कुरणे चढत फुस्तिरंगला शेवटचा मुक्काम करायचा आणि सुमारे ४,९०० मीटरची खिंड ओलांडून पिन खोऱ्यातल्या मुद गावी उतरायचे. अलीकडे हिरवळ, पलीकडे गवताचे पातेही नाही असा तांबूस-जांभळा डोंगर. एका खिंडीने मुलूख इतका बदलावा हे पाहण्यासारखे असते. तेरा किलो घेऊन ही खिंड चढणे मला शक्य नव्हते. कॅमेऱ्याच्या सॅकसाठी म्हणून मी एक माणूस घेतला. नेपाळहून हंगामापुरता आलेला, पंचविशीच्या आतला तरुण. मजुरी आधी ठरली, ओझे ताणकाट्यावर दोघांसमोर मोजले. त्याला बेगार म्हणणे हा बेगारीचा अपमान होईल. पण चढावर मी रिकाम्या पाठीने धापा टाकत होतो आणि माझा छंद त्याच्या पाठीवर माझ्यापुढे चालला होता, हेही दिसतच होते.

खिंडीत वारा होता. मी पिन खोऱ्याकडे तोंड करून कॅमेरा लावला. भाता थरथरत होता आणि मला अर्ध्या सेकंदाचे उघडणे हवे होते. अशा थरथरीत चित्र येणे शक्य नव्हते. मी काही म्हणण्यापूर्वीच त्याने सॅकला बांधलेली फोमची चटई सोडली, ती दोन्ही हातांनी ताणून धरली आणि वाऱ्याच्या बाजूला, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर पाठ करून उभा राहिला. भाता शांत झाला. त्याआधी एकदा काळ्या कापडाखाली डोके घालून त्याने दुधी काच पाहिली होती.

"सर, ये तो उल्टा है."

"हाँ भाई, इसमें उल्टा ही दिखता है."

चित्र घेऊन मी आवराआवर करू लागलो तेव्हा चटई गुंडाळत त्याने विचारले, "इतना वजन, और फोटो एक?"

"एक ही."

तो हसला. "फिर तो अच्छा आना चाहिए."

ते चांगले आले. पायाशी असलेल्या दगडांवरची बुरशी आणि दहा-बारा किलोमीटरांवरची हिमरेषा, दोन्ही रेखीव आहेत. पाहणारे म्हणतात, किती शांत, किती निर्जन! मी चित्राकडे पाहतो तेव्हा मला चौकटीच्या डाव्या कडेबाहेर, अगदी हातभर अंतरावर, चटई धरून उभा असलेला माणूस आठवतो. ह्या चित्रातली स्तब्धता डोंगराची नाही. ती त्याने काही सेकंद धरून ठेवली होती.

निर्जनता ही अशी कॅमेऱ्यापुढची गोष्ट आहे. कॅमेऱ्याच्या पाठीमागे, आणि कॅमेरा जितका मोठा तितकी अधिक, गर्दी असते. आपल्याकडे पालखीचे वर्णन करताना गोंड्यांचे वर्णन होते, भोयांच्या खांद्यांचे होत नाही, त्यातलाच हा प्रकार. पण पालखीच्या चित्रात निदान भोई दिसतात.

ह्यावर एक आक्षेप रास्त आहे. निसर्गचित्र म्हणजे जनगणना नव्हे. डोंगराच्या चित्रात डोंगरच असणार. शिवाय बोर्नच्या हाती असलेल्या साधनांच्या मर्यादा होत्या. कलोडियन मुख्यतः निळ्या उजेडालाच दाद देते, त्यामुळे आकाश कोरे पांढरे निघे. उघडणे कित्येक सेकंदांचे, त्यामुळे हलणारा माणूस पुसट होई. चालती माणसे त्या काचेत मावणारच नव्हती. हे सर्व मान्य. अडचण एवढीच, की रिकामे चित्र चित्रापुरते राहत नाही. ते पाहणाऱ्याला जागाच रिकामी वाटू लागते.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण अ‍ॅडम्सच्याच दरीतले आहे. १८५१ साली मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी योसेमिटीत शिरली ती तिथल्या अहवानीची लोकांना हुसकून लावण्यासाठी. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्स खेचरांच्या पाठीवर १८ बाय २२ इंचांच्या काचांचा अवाढव्य कॅमेरा लादून तिथे गेला. त्याच्या चित्रांतली दरी अस्पर्श, पहिल्या दिवसासारखी दिसते. ती चित्रे पूर्वेकडच्या शहरांत गाजली, आणि ३० जून १८६४ रोजी लिंकनने ज्या कायद्यावर सही करून ही दरी लोकांसाठी राखून ठेवली, त्यामागे ह्या चित्रांचाही हात होता असे मानले जाते. कायदा चांगलाच होता. तो नसता तर त्या दरीचे काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. पण ज्या 'लोकां'साठी ती राखली गेली त्यांत तिथले मूळ रहिवासी धरलेले नव्हते. अ‍ॅडम्स १९२७ साली हाफ डोमसमोर उभा होता तेव्हाही त्यांतले काही खाली दरीत राहत होते. त्यांची तिथली शेवटची वस्ती १९६९ मध्ये उद्यानाच्या प्रशासनाने हटवली. चित्रात जी जागा शंभर वर्षे रिकामी होती, ती अखेर प्रत्यक्षातही रिकामी झाली. ह्याचा दोष वॉटकिन्सच्या किंवा अ‍ॅडम्सच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण रिकाम्या चित्राला केवळ सौंदर्यदृष्टी म्हणून सोडून देता येत नाही, एवढे ह्यावरून मला पटले आहे.

मग करायचे काय? डोंगरांच्या चित्रांत माणसे आणून बसवायची? ते मला रुचत नाही. ठिपक्याएवढा माणूस प्रमाण दाखवण्यासाठी उभा करणे तर मुळीच नाही. वजन कमी करायचे? अर्धे तरी करता येते, आणि दर वर्षी मी एखादी लेन्स घरी ठेवतो. पण शीट फिल्म अजून निघते आहे आणि माझे गुडघे चालताहेत तोवर हा कॅमेरा सुटेल असे वाटत नाही.

मी करतो ते अगदी लहान आहे. मोठ्या कॅमेऱ्याने काम करणारे सगळे जण एक वही ठेवतात: तारीख, लेन्स, छिद्र, वेळ, फिल्टर. बोर्न तर काचेवरच आपले नाव आणि अनुक्रमांक घालत असे. माझ्या वहीत भाबाच्या आधीपासून आणखी एक रकाना आहे: 'वाहिले कोणी'. मराठीत 'वाहणे' हा शब्द मोठा आहे. ओझे वाहतात, फुलेही वाहतात, आणि नदी तर वाहतेच. बहुतेक पानांवर त्या रकान्यात माझेच नाव आहे. काही पानांवर खेचरवाल्याचे आहे. भाबाच्या पानावर त्या तरुणाचे आहे, त्याला विचारून, त्यानेच स्वतःच्या हाताने लिहिलेले. वहीत लिहायला त्याची हरकत नव्हती. जाहीर करण्याविषयी मी विचारले नव्हते, म्हणून ते इथे देत नाही.

विचारणे महत्त्वाचे वाटते, ते बागेश्वरमुळे. तिथल्या रजिस्टरांतही नावेच होती. नाव लिहून ठेवणे म्हणजे आपोआप मान देणे नव्हे. नाव हीच बेडी असू शकते, आणि ती नदीत बुडाली तेव्हा लोकांनी आनंद केला. शिवाय वहीत नाव घातल्याने कोणाच्या पाठीवरचे ओझे हलके होत नाही. त्यासाठी ओझे कमी करावे लागते आणि मजुरी वाढवावी लागते; ह्या दोन्ही गोष्टी वहीत नव्हे, काफनूच्या बस थांब्यावर ठरतात.

छापील प्रत पाठवण्यासाठी मी त्याच्याकडे पत्ता मागितला होता. हंगामागणिक पत्ता बदलतो, व्हॉट्सॲपवर पाठवा, असे तो म्हणाला. पाठवली. त्याने अंगठा उंचावल्याची खूण पाठवली आणि पाठोपाठ स्वतःच्या फोनने टिपलेले एक चित्र. त्यात खिंड आहे, वारा आहे, आकाश निळे आहे, आणि मधोमध तिपाईवर एक काळे कापड फुगलेले आहे, त्याखाली फक्त दोन पाय दिसतात. भाबा खिंडीची त्या दिवसाची दोन चित्रे आता माझ्याकडे आहेत. दुसऱ्याचे वजन किती, हे मी मोजलेले नाही.